फरशी बसेपर्यंत

"काका, अजून एकदा वाका. आणि साहेब, तुम्ही त्यांच्या डोक्यावर हात ठेवा."

डायरेक्टरनं हे सांगितलं तेव्हा माझे आबा नुकतेच गुडघ्यावर हात टेकून उभे राहिले होते. समोर बांधकाम कंपनीच्या मालकाचा मुलगा. माझ्याच वयाचा. पांढरं हेल्मेट, पांढरे बूट. आबा पुन्हा त्याच्या पायाशी वाकले. त्यानं आबांच्या डोक्यावर हात ठेवला आणि 'कट' ऐकू येताच खिशातला रुमाल काढून तो हात पुसला.

कॅमेऱ्यामागं मी होतो.

बीड बायपासच्या साइटवर कंपनीच्या वर्धापनदिनाची फिल्म चालली होती. मी एका स्टुडिओत पगारी कॅमेरामन, आबा त्याच साइटचे वॉचमन. आमचं नातं तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं. सकाळी गेटवर आबांनीच मला बाजूला घेऊन बजावलं होतं, "वळख दावू नको. तुला हलकं समजतील लोकं." म्हणून दिवसभर सख्ख्या बापाला मी "काका, जरा डावीकडं सरका" म्हणत होतो. लाज वाटत होती. कुणाची, ते कळत नव्हतं.

फिल्मचं घोषवाक्य होतं, 'आम्ही घर देतो.' वाचून मला हसूच आलं. घरं तर या कंपनीनं मलाही भरपूर दिली. आबा पाचोडहून हिच्याकडं वॉचमन म्हणून आले तेव्हापासून आम्ही तिच्या अर्धवट इमारतींत राहिलो. भिंती उभ्या राहिल्या की एका फ्लॅटमध्ये आमचं बिऱ्हाड. खिडकीला सिमेंटची रिकामी पोती. फरशी बसायला आली की मुकादम यायचा. "चला, उचला आता." की आम्ही निघालो पुढच्या इमारतीत. या शहरातल्या कितीतरी लोकांच्या हॉलमध्ये मी पाढे पाठ केलेत. फरशीवर झोपायला कसं वाटतं, ते मात्र मोठा होईपर्यंत मला माहीत नव्हतं.

शाळेत होतो तेव्हाची गोष्ट. एका फ्लॅटचे मालक बायकोला घेऊन अचानक बघायला आले. आई भाकरी थापत होती. भिंत धुरानं काळी झाली होती. बाई नाकाला पदर लावून म्हणाल्या, "माझ्या ओट्याच्या जागेवर हे लोक शिजवतात?" मुकादमानं चूल लाथेनं पाडली. भाकरी राखेत. पुढं त्यांच्या वास्तुशांतीला आबांना खुर्च्या वाहायला बोलावलं, मी मागं मागं गेलो. आईच्या चुलीच्या कोपऱ्यात त्या बाईंना गोमूत्र शिंपडताना मी दारातून पाहिलं. आबांनीही पाहिलं. ते खुर्च्या लावत राहिले. मला त्यांचा भयंकर राग आला. पण बोलले असते तर रात्री आम्ही झोपायचं कुठं, हेही मला त्या वयात कळत होतं.

आताही तेच. आबांची गेटजवळची पत्र्याची खोली कंपनीची. आत आई खाटेवर पडून, तिला उठवत नाही. मी कॅमेरा सोडला तर माझी नोकरी जाणार आणि त्यांचं छप्परही. म्हणून मी शूट करत राहिलो.

"काका, चेहऱ्यावर कृतज्ञता येत नाहीये," डायरेक्टर म्हणाला. "साहेबांनी तुम्हाला आसरा दिला, ते आठवा. चला, परत."

आबा वाकले. उठताना तोल गेला, हात खडीत टेकला. साहेब मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "जल्दी करा यार. याला जमत नसेल तर दुसरा म्हातारा आणा."

आबा घाबरले. "जमतंय मालक. जमतंय."

आणि पुन्हा वाकले. कुणी सांगितलं नव्हतं. कॅमेराही बंद होता.

मी पुढं गेलो. त्यांचा दंड धरला.

"आबा, उठा."

साहेबानं पहिल्यांदाच माझ्याकडं नीट पाहिलं. "हा कोण तुझा?"

"बाप हाय माझा." माझ्या तोंडून गावाकडचंच निघालं. "तुमच्या वडलांएवढा हाय. पाया पडायचंच असंल तर तुम्ही पडा."

आबांनी दंड सोडवून घेतला. "येडा झाला का? खोली जाईल आपली."

"जाऊ द्या."

कॅमेऱ्यातले ते सगळे शॉट मी त्यांच्यादेखत पुसले.

खोली गेली. नोकरीही गेली. फिल्ममध्ये दुसरा म्हातारा वाकला, मागं सनई वाजली. आता आम्ही तिघं चिकलठाण्यात भाड्यानं राहतो, मी लग्नं शूट करतो. आबा माझ्याशी बोलत नाहीत. "ह्यानं आपलं छप्पर घालवलं," असं आईला सांगतात, मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. मला वाईट वाटतं. पस्तावा होत नाही.

या खोलीला साधी शहाबादी फरशी आहे. परवा घरमालक पाण्यावरून दारात येऊन खेकसला. आबांनी सवयीनं हात जोडले. मी ते धरून खाली केले. त्यांनी पुन्हा जोडले, मी पुन्हा खाली केले. उद्या जोडले तर उद्याही करीन. आबा माझ्याशी बोलोत, न बोलोत.