झेंडी पाडा

समोरचा माणूस बोलणं लांबवायला लागला की ती उजवा हात डोक्याच्या वर न्यायची आणि झटकन खाली आणायची. "झेंडी पाड ना बाप्पा!" शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, ज्या झेंडीवर जोड्या सुटतात ती झेंडी तिनं लहानपणापासून पाहिलेली. तिच्या मते जगातली निम्मी माणसं झेंडी हातात धरून नुसती उभी असतात. गिऱ्हाइकाला ती हेच म्हणायची, मॅनेजरलाही हेच. तिला पाहायला आलेल्या पाहुण्यांनाही तिनं हेच ऐकवलं होतं, असं तिच्या आईनं मला सांगितलं. आई सांगताना चिडलेली होती, पण हात मात्र तिनं हुबेहूब तसाच करून दाखवला.

सिंदेवाहीत मोटरसायकलींच्या एका शोरूममध्ये आम्ही दोघी कामाला होतो. मी पुढे काउंटरवर, ती मागे वर्कशॉपमध्ये. मी फार बोलत नाही. गिऱ्हाइकाकडे पाहण्यापेक्षा कॉम्प्युटरकडे पाहणं मला सोपं जातं. पहिल्याच दिवशी तिनं ग्रीस लागलेल्या बोटानं माझ्या काचेवर टकटक केलं.

"तू कॉन्व्हेंटची ना वं?"

मी मान हलवली.

"दिसतेच. तोंडातून शब्द काढाची फी लागते का तुमच्यात?"

तेव्हापासून मी 'कॉन्व्हेंट'. मला राग यायला हवा होता. पण काउंटरच्या काचेवर इतक्या हक्कानं टकटक करणारं दुसरं कोणी तिथे नव्हतं.

अशी माणसं तुमच्याही कामाच्या ठिकाणी असतील. ती आली की खोलीतली हवा हलते आणि आपण पटकन कामात असल्याचं दाखवतो. मी तसं दाखवत दाखवत तिला पाहत असे. एखादं गिऱ्हाईक वर्कशॉपमध्ये येऊन विचारी, "मेकॅनिक कुठी आहे?" त्याच्याच गाडीखालून आवाज येई, "इथी आहे. पाय नका देऊ माह्या पान्यावर." मग ती बाहेर सरके, आणि तो माणूस तरीही तिच्या मागे आणखी कोणी दिसतं का ते पाही.

आमच्याकडे संध्याकाळ झाली की मुलींना घरात घ्यायला वाघ पुरतो. वाघ खराच आहे, त्यात थट्टा नाही. रोज पाचच्या सुमाराला तिच्या आईचा फोन येई. "लवकर ये वं, वाघ आहे."

"दादा आला का घरी?"

"त्याचं काय, तो येईन."

"मंग वाघ पोट्ट्याईले नाई खात का?"

एवढं बोलून ती उजेड असतानाच निघायची. वाघाशी तिचं भांडण नव्हतं.

एका रविवारी ती मला तिच्या गावी घेऊन गेली. तिचे बाबा गावच्या तलावात मासे धरतात, आणि तलावाखाली त्यांच्या धानाच्या थोड्या बांध्या आहेत. कापणी झाली की या बांध्या मोकळ्या होतात. चौकोनी कोरडी शेतं आणि मध्ये गुडघाभर उंचीचे मातीचे धुरे. आपल्याला त्यात शेत दिसतं. तिला शर्यतीचा ट्रॅक दिसायचा. मोटोक्रॉस म्हणजे खड्ड्याखळग्यांच्या मातीत, उंचवट्यांवरून उड्या मारत गाडी पळवायची शर्यत. ती शिकायला तिच्याकडे हे धुरेच होते, आणि भंगारातून उचलून, भाग जमवत जमवत उभी केलेली एक उंच गाडी.

ती पायदानांवर उभी राहिली, गुडघे किंचित वाकवले आणि सरळ धुऱ्यावर गेली. गाडी जमिनीवरून उठली तेव्हा मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ती पलीकडच्या बांधीत वळण घेत होती आणि माझ्याकडे पाहून ओरडत होती, "डोये उघडे ठेव! फुकटात दाखवून राह्यली मी!"

ऊन उतरल्यावर तिनं फावडं घेतलं आणि ढासळलेला धुरा बांधायला लागली. हा तिचा नियम होता, "पाडला त बांधून द्याचा." तिनं माती ओढली, वरून पाणी शिंपडलं, फावड्याच्या पाठीनं थापटलं. शेजारच्या बांधीचे म्हातारे आजोबा सुरुवातीला काठी घेऊन धावून यायचे म्हणे. "पावसात पानी का तुही फटफटी अडवन?" एक पावसाळा गेला आणि तिनं बांधलेला एकही धुरा फुटला नाही. मग एक दिवस तेच आजोबा येऊन हळूच म्हणाले, "पोरी, माह्या तिकडचा धुरा लय ढिला झाला. दोन उड्या तिकडूनही मार. अन् मंग बांधून दे." ही गोष्ट सांगताना ती पोट धरून हसायची.

नागपूरला आणि त्याच्याही पुढे ती शर्यतींना जाऊन आली होती. महिलांच्या गटात तिघी-चौघी असायच्या. पदक मिळे, फोटो निघे. त्याची तिला तक्रार नव्हती. पण जवळपासच्या गावांतून जी बोलावणी यायची त्यांनी ती पेटायची. शर्यत पोरांची, आणि मधल्या वेळात ताईंनी दोन चकरा मारून दाखवाव्यात. "मी का सर्कशीतली हत्तीण आहो? शर्यत लावा म्हणा. हरीन त हरीन."

मग तिच्याच गावच्या शंकरपटात, बैलांच्या जोड्या झाल्यावर, मोटरसायकलींची शर्यत ठरली. जागा त्याच बांध्या, धुरे तिनंच बांधलेले. तिनं पोरांबरोबर नाव दिलं आणि समितीनं घेतलंही. मला म्हणाली, "तू ये. बॅग धराले माणूस पाह्यजे."

पटाच्या दिवशी कुरखेडा, मूल अशा गावांकडून पोरं आली. दुपारी त्यांच्यातला एक समितीच्या अध्यक्षभाऊंना म्हणताना मी ऐकलं, "भाऊ, तिच्यासोबत नाई लावत आम्ही. हरलो त गाव हसन. जिंकलो त म्हणन, पोरीले हरवून आला मोठा!" अध्यक्षभाऊ तिच्या बाबांकडे गेले. बाबा खांद्यावर टॉवेल टाकून बिडी ओढत होते. "मले काऊन विचारता?" ते म्हणाले. "तिले सांगा. मलेही भेव वाटते तिचं."

तिला सांगायला कोणी आलं नाही. त्याऐवजी माइकवरून पुकारा झाला. आपल्या मातीची लेक, आपल्या गावची शान, हिचा सत्कार होत आहे, शर्यतीआधी ताई आपल्याला गाडी चालवून दाखवतील. तिच्या जबड्याचं हाड हललेलं मला दिसलं.

"पाहुणी करून राह्यले मले," ती म्हणाली.

"पण सत्कार चांगलाच ना?" मी म्हटलं.

"जोडी हाकणाऱ्याचा सत्कार पटाच्या आधी पाह्यला कधी? सत्कार झाला का माणूस खुर्चीत बसते, कॉन्व्हेंट."

आता ती भांडणार, असं मला वाटलं. ती मंचावर गेली. वाकून शाल घेतली, दोन्ही हातांनी नारळ घेतला. टाळ्या झाल्या. अध्यक्षभाऊंनी खुर्ची दाखवली. ती हसली आणि पायऱ्या उतरून सरळ तिच्या गाडीजवळ आली. मला कळायच्या आत तिनं शाल माझ्या खांद्यावर टाकली.

"धर. त्याईले एक पाहुणी लागतेच."

मग ती पुढच्या चाकाशी बसली, दगड ओढला आणि नारळ फोडला. पाणी टायरवर शिंपडलं. स्क्रू-ड्रायव्हरनं खोबरं काढलं आणि रांगेतल्या पोरांपुढे एकेक तुकडा धरत निघाली. "घे भाऊ, शर्यतीचा नारळ फुटला. घे. प्रसादाले नाई म्हणत नाई."

प्रसादाला कोण नाही म्हणणार? पोरांनी खाल्ला. दुपारी अध्यक्षभाऊंकडे गेलेला तो बोलघेवडाही चावत उभा राहिला. अध्यक्षभाऊ धावत आले. "अवं, तो सत्काराचा नारळ होता!"

"नारळ त नारळच ना भाऊ. फोडाचा नव्हता त मंग देल्ला कशाले?"

मागून त्या धुऱ्यावाल्या आजोबांचा आवाज आला, "नारळ फुटला म्हणजे काम सुरू झालं. आता मोडलं त अपशकुन होते बाप्पा!" आजूबाजूची चार डोकी हलली.

आमच्या घरी बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लागते, नारळ फुटत नाही. तिला ते माहीत होतं. शेवटचा तुकडा माझ्या हातावर ठेवून म्हणाली, "तू प्रसाद नको समजू. भूक लागली म्हणून खाय."

तेवढ्यात माइकवाल्याला माझ्या खांद्यावरची शाल दिसली. शाल तिथे पाहुणी, असा त्याचा साधा हिशेब असावा. मला मंचावर नेलं, खुर्चीत बसवलं आणि तोंडापुढे माइक धरला. "ताई आता दोन शब्द बोलतील."

समोर सारा पट होता. बैलगाड्यांवर बसलेले, झाडांवर चढलेले लोक. शाळेत मी इंग्रजीत पाठ केलेलं भाषणही कधी पूर्ण केलं नव्हतं. मला खाली तिचं हेल्मेट दिसत होतं. ती रांगेत होती, पण कोणी अजून तिला "बाजूला हो" म्हणू शकलं असतं. गाड्या गुरगुरत होत्या. झेंडीवाला अध्यक्षभाऊंकडे पाहत होता आणि अध्यक्षभाऊ जमिनीकडे.

"झेंडी पाडा," मी म्हटलं.

लाउडस्पीकरमधून माझा आवाज तलावापर्यंत जाऊन परत आला. गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "वा रे ताई! दोन म्हणजे दोनच!" हशा उसळला, आणि त्या हशात झेंडीवाल्यानं झेंडी पाडली.

ती जिंकली, असं सांगायला मला आवडलं असतं. वळणावरच्या ढेकळांत ती पडली, क्लचचा दांडा वाकला, तशीच उठून निघाली. चौथी आली. तो बोलघेवडा तिच्या मागे होता. मी पाण्याची बाटली घेऊन धावले. तिचा ओठ फुटला होता, दातांत माती होती, आणि मी कधीच पाहिली नव्हती इतकी ती खूश होती.

"चौथी!" ती माझा दंड हलवत होती. "कॉन्व्हेंट, चौथी आली मी! दोन चकरा मारून दाखवणारी कधी चौथी येते का?"

थोड्या वेळानं तो बोलघेवडा घुटमळत आला. "ताई, त्या उंच धुऱ्यावरून उतरली कशी?"

तिनं त्याच्या हातात फावडं दिलं. "पह्यले तो धुरा बांध. मंग सांगते."

त्यानं बांधला. तिनं दोनदा पाडायला लावून पुन्हा बांधून घेतला.

पुढच्या वर्षी दक्षिणेकडच्या एका संघानं तिला सरावाला बोलावून घेतलं, आणि ती गेली. निरोप समारंभात मॅनेजर बोलायला उभे राहिले तेव्हा सगळ्यांनीच हात वर नेऊन खाली झटकला. आता कधीतरी तिचा फोन येतो. मागे गाड्यांचा आवाज असतो. मी जरा अडखळले की पलीकडून "पाड, पाड" ऐकू येतं. वर्कशॉपमध्ये आता दुसरा मेकॅनिक आहे. तो काचेवर टकटक करत नाही.

त्या गावच्या समितीनं मात्र मला सोडलं नाही. एकदा पाहुणी ती कायमची पाहुणी. यंदाच्या पटात झेंडी पाडायला मलाच बोलावलं. शर्यत सगळ्यांची एकच. मी बांधीच्या कडेला उभी राहिले. समोर हेल्मेटांची रांग होती. कोण पोरगा, कोण पोरगी, हे हेल्मेटावरून कळत नव्हतं, आणि मी विचारलंही नाही. पलीकडे तलावाच्या पाळीवर तिचे बाबा टॉवेल टाकून बसले होते.

माइकवाला सुरू झाला. "आज आपल्या गावच्या त्या लाडक्या कन्येची आठवण काढून, मी सर्वप्रथम..."

मी हात वर नेला आणि झेंडी पाडली. त्याचं वाक्य धुळीत अर्धंच राहिलं.