पंचफुलाबाईंचा माफ हिस्सा

नंदनवन वस्तीतल्या ज्या भोजनालयात मी आठ वर्षं जेवतो, तिथल्या पंचफुलाबाई कोणाचं फुकट घेत नाहीत. कोणी चहा पाजला, तर दुसऱ्या दिवशी त्याला पाजून मोकळ्या होतात. या ताठ्यापायी बाईंचे डोळे जायची वेळ आली होती, आणि त्याचा मला आजही राग येतो.

बाई लांब पोळ्या करतात. सैल कणीक हातांवर झेलत कोपरापर्यंत ताणायची आणि चुलीवरच्या उपड्या मडक्यावर अंथरायची. सकाळचे तीन तास काम, दीडशे रुपये रोजी. तीनेक वर्षांपूर्वी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. हात दोनदा भाजला, तरी बाई दवाखान्यात गेल्या नाहीत.

कारण पगाराची चिठ्ठी. बाकी सगळ्यांच्या चिठ्ठीत कामगार विम्याचे पैसे कापलेले असत, बाईंच्या चिठ्ठीत शून्य. बाईंनी मनाशी पक्कं केलं, की पैसे कापत नाहीत म्हणजे आपण विम्यात नाही. मिळालेलं कार्ड नुसतं नावापुरतं, ते दाखवणं म्हणजे फुकट घेणं.

गेल्या दिवाळीनंतर एक अख्खी पोळी मडक्याऐवजी चुलीत पडली. बाई तडक गल्ला आणि पगार सांभाळणाऱ्या कृष्णकांतपुढे उभ्या राहिल्या.

"माहे पैसे काहून नाही कापून राहिला गा? मले डोळे दाखवाचे हाय!"

कृष्णकांत गडबडला. "अवं मावशी, ज्याची रोजी एकशे शहात्तरपर्यंत, त्याले त्याचा हिस्सा माफ हाय. मालकाचा हिस्सा तुमच्या नावानं दर महिन्याले भरूनच राहिलो. माहं कार्ड तसंच तुमचं."

"म्हंजे फुकट?"

"फुकट काहून? राबता ना तुम्ही?"

बाईंना पटलं नाही. आपला हिस्सा भरायला पदराला शंभराची नोट बांधूनच त्या विम्याच्या दवाखान्यात गेल्या. खिडकीवरच्या मुलीने कार्ड पाहिलं, केसपेपर दिला आणि नोट परत केली. महिन्याच्या अंतराने दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली.

बाई कामावर परतल्या, तो रविवार होता. पहिली पोळी त्यांनी मडक्यावर टाकली, वाकून पाहिली आणि थबकल्या. पोळीला चार भोकं होती.

"हे अशीच होत होती का गा, इतके दिवस?"

कृष्णकांत डोकं खाजवू लागला. "दोन वर्षांपासून, मावशी."

"अन् गिऱ्हाइकं?"

बाईंनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही सातआठ जण ताटात तोंड घालून बसलो. कच्च्या, फाटक्या, एका बाजूने करपलेल्या पोळ्या आम्ही सगळ्यांनी खाल्ल्या होत्या. बाईंना वाईट वाटेल म्हणून एकानेही तक्रार केली नव्हती.

"खाल्ल्या," मी कबूल केलं.

बाईंचे डोळे भरून आले. "डॉक्टरनं डोळ्याले पाणी लागू देऊ नोको म्हनलं, अन् तुम्ही मले रडवून राहिले!" असं ओरडत त्या पदराने गाल पुसू लागल्या, आणि मग त्यांना जे हसू फुटलं, ते अख्ख्या भोजनालयाला आवरेना.