सप्रेम भेटीवरची चिकट पट्टी

आमच्या शेजारच्या धम्मशीलाताई निवृत्त नर्स. खेड्यापाड्यांत बाळंतपणं करत जन्म गेला. ते सगळं त्यांनी लिहून काढलं आणि स्वखर्चानं छापलं. प्रकाशनाला अख्खी कॉलनी हजर, म्हणजे चिवड्याला. अध्यक्ष गुलाबराव मास्तर पुस्तक न उघडता तासभर बोलले, "हे घरोघरी पाहिजे!" मग आपल्याकडची रीत. ताईंनी प्रत्येकाचं नाव घालून, ‘सप्रेम भेट’ लिहून प्रती वाटल्या.

त्यांची हौस एकच होती. शेगावात स्टेशनकडच्या लक्ष्मीकांतच्या दुकानात आपलं पुस्तक दिसावं आणि कुण्या अनोळखी माणसानं ते उचलावं. मीही सोबत गेलो. तमाशा कोण सोडतं?

लक्ष्मीकांतनं पिशवी पाहूनच नाक मुरडलं. "ताई, घरी छापलेलं मी ठेवत नाही. विकल्यावर पैसे म्हणाल, पण तोवर जागा अडते ना. अन् तुमचं त आहेच माझ्यापाशी!"

"मी कवा दिलं तुले?"

"रद्दीवाल्यापासून घेतो. किलोनं परवडते."

कोपऱ्यात गठ्ठा होता. पहिल्या पानावर किमतीची चिकट पट्टी. ताईंनी ती नखानं सोलली. खाली त्यांचंच अक्षर: ‘आदरणीय गुलाबरावांना सप्रेम भेट’. दुसरी सोलली, तर अन्नपूर्णाबाई! जिची नात ताईंच्याच हातांवर जन्मली, ती. आतली पानं कोरी करकरीत. चिवडा दोनदा घेणारी हीच तोंडं.

वाटलं, ताई आता रडतील. त्या म्हणाल्या, "लक्ष्मीकांत, हे काचेत मांड बाप्पा. पहिलं पान उघडं ठेवून. नावं दिसू दे लोकायले."

बातमी कॉलनीत मी पोहोचवली. देवानं जीभ दुसऱ्या कशासाठी दिली? दिवेलागणीला गुलाबराव तोंडाला रुमाल बांधून आले, स्वतःचं नाव विकत घेऊन पळाले. अन्नपूर्णाबाईंनी तर ऑटो दारात थांबवून ठेवूनच आपली प्रत उचलली. गठ्ठा साफ.

सकाळी लक्ष्मीकांत ताईंच्या दारात. "अजून द्या हो, लय चालून राह्यलं! पण नावं टाकूनच द्या."

"कोऱ्याच नेतो तर ने. वाचीन तो आपलं नाव टाकीन."

नेल्या त्यानं, कुरकुरत. आता समोरच्या फळीवर आहेत.

परवा गुलाबराव भेटले. म्हणाले, "ताईंचं पुस्तक जोरात आहे म्हणे?"

"हाव मास्तर. तुम्हीच दोनदा घरी नेलं."

जराही न लाजता त्यांनी विचारलं, "पण आहे काय हो त्यात?"

थू!