बाबांचे गुडघे

माझ्या बाबांच्या गुडघ्यांना काहीही झालेलं नव्हतं. आमच्या कारेलीबागेतल्या सोसायटीचे तीन मजले ते दिवसातून कितीदा तरी चढत-उतरत. नंदेसरीच्या एका केमिकल कारखान्यात त्यांनी जन्मभर ड्रम हलवले. त्या ड्रमांच्या जोरावर मी पादरा गावच्या शाळेतून बडोद्याच्या कॉलेजात आलो आणि आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो. नोकरी लागली, पुढे फ्लॅट झाला. आई गेली तेव्हा बाबांना इकडे घेऊन आलो.

सुरुवातीला ते गॅलरीत नुसते बसून असायचे. मग एका सकाळी सायकल काढून खंडेराव मार्केटला गेले. जाताना शेजारच्या बेनना विचारलं, "काही आणू का?" त्यांनी मेथी सांगितली. महिन्याभरात बाबा सात-आठ घरांची भाजी आणू लागले, निव्वळ हौसेनं. भरून करायला लहान वांगी कोणाला लागतात, गवार कोणाच्या सासऱ्यांना चालत नाही, सगळं त्यांना पाठ असायचं.

"काका, काले मारा माटे भींडा लावजो ने!" वरून हाक यायची, उद्या भेंडी आणा म्हणून.

"लावीश, पण कढी मोकलवी पडशे!" बाबा खालून ओरडायचे. भेंडीच्या बदल्यात दुपारी खरोखर वाटीभर कढी यायची.

मला हे सगळं फार आवडायचं. आईनंतर बाबा पुन्हा बोलके झाले होते.

आमच्या ऑफिसात एक वरिष्ठ सर होते. त्यांचे पणजोबा संस्थानच्या दरबारात मोठ्या हुद्द्यावर होते. घरात पुस्तकांची कपाटं, बोलणं शांत आणि नेमकं. मला अर्ज नीट लिहायला त्यांनीच शिकवलं. बढतीच्या वेळी माझ्यासाठी शब्द टाकला तोही त्यांनीच. त्यांचे उपकार मी आजही मानतो. एका रविवारी सकाळी एक फाइल द्यायला ते स्वतः घरी आले. खुर्चीवर बसता बसता म्हणाले, "तुमच्याकडचा भाजीचा माणूस मोठा अगत्याचा हो! दोन्ही हातांत पिशव्या, तरी माझी फाइल घेऊ का म्हणून विचारत होता. आमच्याकडेही पाठवाल का त्याला?"

दुसऱ्या मजल्यावर बाबांच्या चपला वाजत होत्या. ते कोणाला तरी टोमॅटो दाखवत होते.

मी म्हणालो, "विचारतो, सर."

एवढंच म्हणालो. सर वाईट माणूस नव्हेत. खरं सांगितलं असतं तर खजील झाले असते, उठून बाबांना नमस्कारही केला असता. पण मी चहासुद्धा न विचारता त्यांना खालपर्यंत पोहोचवून आलो. जिन्यात बाबा भेटले तेव्हा मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

त्या दिवसापासून मला बाबा दिसायचे बंद झाले. दिसायचा तो जिन्यातला एक म्हातारा, मळकट पायजम्यातला, लोकांच्या पिशव्या वाहणारा. माणूस तोच आणि जिनाही तोच. दोन दिवसांपूर्वी मी त्याच माणसाकडे बघून हसलो होतो.

आठवड्याभरानं मी त्यांना म्हणालो, "बाबा, हे भाजीचं आता पुरे. लोक वेगळं समजतात."

"कोण समजतं?"

"लोक."

त्यांनी हातातली पिशवी घडी करून ठेवली. मग म्हणाले, "बरं. तू शिकलेला आहेस, तुला कळतं."

शेजारच्या बेननी विचारलं, "काका हल्ली का जात नाहीत?" काहीतरी सांगायला हवं म्हणून मी सांगून टाकलं, की त्यांचे गुडघे दुखतात. त्याच संध्याकाळी तेलाची बाटली घेऊन त्या बाबांकडे आल्या. मी आतल्या खोलीत होतो. "गुडघे?" बाबांनी विचारलं, आणि मग म्हणाले, "हां, हां. दुखतात."

दुसऱ्या दिवसापासून ते जिना उतरताना कठडा धरू लागले. कोणी समोरून आलं की एक पाय ओढायचे. मी बोललो ते खोटं पडू नये म्हणून. मला हे दिसत होतं आणि मी ते चालू दिलं. हळूहळू त्यांनी खाली जाणं सोडलं. भींडाची हाक बंद झाली. सायकलची हवा गेली ती कोणी भरली नाही. पुढेपुढे तर घरात, मी एकटाच समोर असतानाही, ते लंगडत चालत. तेव्हा दुखत होतं की नव्हतं, ते मला आता कधीच कळणार नाही.

मागच्या वर्षी, ते गेले त्याच्या पंधरा दिवस आधी, श्वास लागतो म्हणून त्यांना दवाखान्यात ठेवलं होतं. तरुण डॉक्टर होती. तिनं विचारलं, "काका, चालणं किती होतं? गुडघे कसे आहेत?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. स्वतःच्याच गुडघ्यांबद्दल काय सांगायचं, ते माझ्या चेहऱ्यावर शोधत होते.

"गुडघे चांगले आहेत त्यांचे," मी म्हणालो. "कधीच दुखले नाहीत. मीच खोटं सांगितलं होतं सगळ्यांना."

डॉक्टर गोंधळून माझ्याकडे बघू लागली. बाबा घाईघाईनं, धाप लागत असतानाच बोलले, "नाही हो, डॉक्टरसाहेब, दुखतात थोडे. तो दिवसभर कामात असतो ना, त्याला माहीत नाही."

आणि तिची खात्री पटावी म्हणून चादरीवरूनच गुडघा चोळू लागले.