सतरावं पान

गल्लीत त्यांना सगळे जादूकाका म्हणत. दुकानाचा मालक मास्तर म्हणायचा आणि बायको 'अहो'. पोटासाठी ते चष्मे बसवायचे आणि हौसेसाठी पत्त्यांची जादू करायचे. पोटाच्या कामाचा त्यांना कंटाळा होता असं नाही, पण जीव अडकलेला होता तो पत्त्यांत.

दुकान बोळासारखं लांबट होतं. पुढे काचेच्या कपाटात फ्रेमा, मध्ये काच घासायचं मशीन आणि पार शेवटच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता. कुणाला खरंच दिसतंय आणि कोण नुसतं ठोकून देतंय, हे काकांना लगेच कळायचं. एकदा एक टेम्पोवाला आला. लायसन्ससाठी त्याला नजर चांगली असल्याचं लिहून हवं होतं. बाहेर बाकावर बसल्या बसल्या गड्यानं दुसऱ्या गिऱ्हाइकांचं ऐकून अख्खा तक्ता पाठ केला होता. त्यानं वरच्या ओळी घडाघडा म्हटल्या. काकांनी गुपचूप तक्ताच खिळ्यावरून काढून घेतला, तर कोऱ्या भिंतीकडे बघत त्यानं उरलेल्या दोन ओळीही म्हणून दाखवल्या.

"तुम्ही वाचत नाही, म्हणताय," काका त्याला म्हणाले. ही गोष्ट पुढे ते प्रत्येक कार्यक्रमाच्या सुरुवातीला सांगत, आणि लोक हसून मोकळे झाले की खिशातून पत्त्यांचा कॅट काढत.

त्यांची जादू एकच, पण पक्की. बावन्न पानं एका ठरलेल्या क्रमानं लावलेली आणि तो क्रम तोंडपाठ. लोकांसमोर पानं पिसल्याचं सोंग करायचं, क्रम मात्र तसूभर हलू द्यायचा नाही. हॉलच्या दुसऱ्या टोकाला काकू डोळ्यांवर पट्टी बांधून खुर्चीत बसायच्या. प्रेक्षकांतून कुणीही एक आकडा सांगायचा. समजा कुणी म्हणालं, एकोणचाळीस. काकू क्षणात म्हणायच्या, "इस्पिक दश्शी." मग काका एकेक पान टाकत मोजत जायचे, आणि एकोणचाळिसावी इस्पिक दश्शी पडली की टाळ्या. शाळांची संमेलनं, ऑफिसांतले निरोपसमारंभ, पोराटोरांचे वाढदिवस, सगळीकडे ही जोडी जायची. मानधन म्हणजे बहुधा नारिंगी सरबत.

हा क्रम काकांनी दुकानात पाठ केला होता. त्यांनी प्रत्येक पानाला एक गिऱ्हाईक चिकटवलं आणि सगळ्यांची दुकानाबाहेर रांग लावली. चौकट दुर्री म्हणजे रांगेत पहिला उभा असलेला, एक काच फुटलेला वकील. किलवर तिर्री म्हणजे तीनदा चष्मा हरवलेला किराणावाला, त्याचा नंबर सतरावा. शेवटी बावन्नावी बदाम नव्वी, म्हणजे लाल फ्रेम हवी म्हणून हटून बसलेली एक मास्तरीण. तिच्या मागे पुन्हा वकील, कारण या रांगेला शेवट नव्हता. गड्डी कुठूनही कापा, चाक फिरतच राहणार.

काकूंना त्यांनी नुसता क्रम वाचून दाखवला होता. तेव्हा त्या नव्या नवरीच होत्या आणि घरात नऊ माणसं होती. काम करता करता त्यांनी बावन्न पानं कधी तोंडात बसवली, हे कुणाला कळलंही नाही. "पाठांतर भारी आहे तुझं," काका म्हणाले, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "पाठ नाही केली हो. लावून ठेवलीत, भांडी लावतात तशी." काका हसले आणि कार्यक्रमाची तारीख ठरवायला बाहेर पडले. कशी लावलीस, हे विचारायचं त्यांच्या डोक्यातही आलं नाही. जादूगाराला दुसऱ्याचं गुपित विचारू नये असं म्हणतात, पण खरं कारण ते नव्हतं. काम झाल्याशी मतलब होता.

मग एका सकाळी काकू मोरीपाशी कोसळल्या. उजवा हात गेला आणि वाचाही गेली. दवाखान्यात शुद्धीवर आल्या तेव्हा डोळे सगळं ओळखत होते, ओठ हलत होते, पण शब्द येईना. नवऱ्याला हाक मारायला त्यांना दोन अक्षरं लागायची, तीही गेली. काका कॉटची कड धरून बसले होते. इतका लाचार माणूस त्या वॉर्डात दुसरा नसेल.

तिसऱ्या दिवशी काकूंनी त्यांच्याकडे टक लावून पाहिलं आणि अगदी स्पष्ट म्हटलं, "किलवर तिर्री."

काका ताडकन उठले. "सतरा," ते म्हणाले. "सतरा, अगदी बरोबर." त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "आणि एक?"

काकूंनी डोळे मिटले. मग जड जिभेनं म्हणाल्या, "चौकट दुर्री."

"एकोणचाळीस?"

"इस्पिक दश्शी."

काका धावत जाऊन डॉक्टरीणबाईंना घेऊन आले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, काकूंना पेला दाखवला आणि हे काय म्हणून विचारलं. काकू पेल्याकडे बघत राहिल्या.

"पाढे, गाणी, असलं घोकलेलं कधीकधी राहतं," बाई बाहेर येऊन म्हणाल्या. "बोलणं निराळं. तुम्ही चष्म्याच्या दुकानात आहात ना? तक्ता पाठ असलेलं गिऱ्हाईक येतं तुमच्याकडे?"

"येतं."

"मग तुम्हाला मी काय समजावणार?"

काकांना समजलं होतंच. पण बुडणारा माणूस काडीसुद्धा सोडत नाही, आणि इथे तर हातात बावन्न काड्या होत्या. घरी आल्यावर बोलणं शिकवणाऱ्या ताई यायला लागल्या. त्यांनी बजावलं, "पत्ते बाजूला ठेवा. एक वस्तू दाखवा आणि थांबा. त्यांना वेळ द्या." काका टॉवेल दाखवायचे आणि थांबायचे. काकूंच्या चेहऱ्यावर घाम फुटायचा, जीभ दातांवर आपटायची, डोळे भरून यायचे, आणि टॉवेल काही यायचा नाही. काकांना ते बघवायचं नाही. मग ते हळूच म्हणायचे, "बरं, नऊ?" आणि पान हजर. त्या आवाजाची त्यांना चटक लागली होती. निदान तेवढा वेळ बायको घरात बोलत असायची.

सुरुवातीला काकू आपणहूनही पानं बोलायच्या. स्वयंपाकघरात दूध आटवत असताना काकांना आतून ऐकू यायचं, "किलवर तिर्री." ते तिथूनच ओरडायचे, "सतरा, शाब्बास." थोड्या वेळानं पुन्हा, जरा चढ्या आवाजात, "किलवर तिर्री." "सतरा गं, बरोबर आहे." तिसऱ्यांदा आवाज रडवेला व्हायचा. काका येऊन बघायचे, तर कधी चादर ओली असायची, कधी पाय कॉटच्या कडेला अडकलेला असायचा. त्यांना वाटायचं, बरं झालं, आपण वेळेवर आलो.

हळूहळू किलवर तिर्री थांबली आणि तिच्या जागी दुसरंच पान आलं. आठ-दहा पानं झाली की काकू म्हणायच्या, "बदाम नव्वी." काकांना त्याचा केवढा आनंद. म्हणायचे, "संपली गड्डी? चल, मग पुन्हा पहिल्यापासून. एक?" काकू क्षणभर छताकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "चौकट दुर्री." इतकी वर्षं ज्या माणसाच्या डोक्यात बावन्ननंतर एकच येत आला, त्याला दुसरं काय सुचणार?

भेटायला येणाऱ्यांसमोर तर कार्यक्रमच व्हायचा. "कोणताही आकडा सांगा," काका म्हणायचे. शेजारीपाजारी आधी संकोचायचे, मग पुढे सरसावून बसायचे. काकूंच्या उशाशी पानं मोजली जायची, टाळ्या पडायच्या. जाताना लोक काकांचा हात दाबून म्हणायचे, "सुधारणा आहे हो." काकांना दिवसभर तेवढं पुरायचं.

लेक परगावी नोकरीला होती. ती रजा काढून आली, त्या दुपारी आभाळ भरून आलेलं होतं, खोलीत ट्यूबलाइट लावलेली होती आणि शेजारचं शिंप्याचं कुटुंब समाचाराला आलं होतं. काकांच्या अंगात उत्साह मावत नव्हता.

"बघच तू आईला," ते लेकीला म्हणाले. "शिंपीदादा, सांगा आकडा."

शिंप्यानं सांगितला, त्याच्या बायकोनं सांगितला, पुन्हा शिंप्यानं सांगितला. पानं बरोबर येत गेली. लेक दारात उभी राहून बघत होती. मग काकू म्हणाल्या, "बदाम नव्वी."

लेकीनं हात लांब करून दिवा बंद केला.

खोली एकदम काळवंडली. शिंप्याला वाटलं वीज गेली. काका गड्डी हातात धरून म्हणाले, "अगं, दिवा का घालवलास?"

लेक बटणावरच्या आपल्या हाताकडे बघत होती. "आई म्हणाली ना," ती म्हणाली. "बदाम नव्वी म्हणाली."

"मग?"

"बदाम नव्वी झाली की दिवा मालवायचा. ते माझं काम होतं, लहानपणी."

शिंप्याचं कुटुंब चपला घालून निघून गेलं. लेक आईच्या पायाशी बसली आणि सांगत गेली. झोपताना आई तिला रोज एकच गोष्ट सांगायची, पत्त्यांची. गोष्ट कसली, या घरातला एक दिवसच तो. चौकट दुर्री म्हणजे पहाटे उघडलेली दोन झडपांची खिडकी. इस्पिक राणी म्हणजे खोकत उठलेली आजी. बदाम पंजी म्हणजे पहिल्या चहाचे पाच कप. इस्पिक दश्शी म्हणजे करपलेली दहा भांडी. आणि सगळ्यात शेवटी बदाम नव्वी, नऊच्या नऊ माणसं जेवून निजली. आई म्हणायची, "आता मला कुणी काही मागायचं नाही. घालव दिवा." मग लेक उठून दिवा घालवायची.

काकांनी हातातली गड्डी खाली ठेवली. त्यांची रांग दुकानाबाहेर उभी होती, आणि त्याच पानांवर बायकोनं त्यांचंच घर मांडून ठेवलं होतं. त्या घरात ते कधी डोकावलेच नव्हते. गेले कित्येक आठवडे ती जीव काढून सांगत होती, आता पुरे, मला पडू द्या. आणि ते दर वेळी तिला पहाटे उठवून खिडकी उघडायला लावत होते.

"आणि मी?" त्यांनी विचारलं. "मी होतो का त्या गोष्टीत?"

लेक हसली. त्या हसण्याला काही अर्थ नव्हता, तिला फक्त जुनं काहीतरी आठवलं होतं. "होता की. तुम्ही किलवर तिर्री."

"का?"

"आई म्हणायची, हाक मारली की तीनदा 'आलोच' म्हणतो आणि येत नाही, ती किलवर तिर्री. मी किती हसायचे तेव्हा."

दूध आटवताना आतून येणारा आवाज काकांना ऐकू येत होता. आधी साधा, मग चढा, मग रडवेला. शुद्धीवर आल्यावर तिनं पहिला शब्द कोणता उच्चारला होता, हेही आठवलं. हाका मारमारून तिनं नाद सोडला होता, आणि प्रत्येक हाकेला त्यांनी नंबर सांगून शाब्बासकी दिली होती.

त्या दिवसापासून त्यांनी पत्ते बंद केले. येणाऱ्यांना ते सरळ सांगत, "ती दमली आहे." दुकानातून अर्धा दिवस सुट्टी घेऊन ते कॉटजवळच्या स्टुलावर बसून राहायचे. चादर ओली होण्याआधी हात लावून बघायचे, पायाखालची उशी सारखी करायचे. लेक रजा संपवून परत गेली. ताई येऊन टॉवेल दाखवून जायच्या. काकू शांत पडून असायच्या. काका कान देऊन बसलेले असायचे, एक हाक येईल म्हणून. उठायचीसुद्धा गरज नव्हती, इतके ते जवळ होते.

ती हाक आली नाही. काकूंनी आपणहून बोलायचंच सोडून दिलं होतं.

एका दुपारी त्यांना राहवलं नाही. हे करू नये हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. उभा जन्म तक्त्यासमोर काढलेल्या माणसाला ते कुणी सांगायला नको होतं. तरी त्यांनी स्टूल पुढे ओढलं, काकूंचा डावा हात हातात घेतला आणि हलक्या आवाजात म्हणाले, "सतरा?"

"किलवर तिर्री," काकू म्हणाल्या.

"आलो," काका म्हणाले. "आलो गं."

काकू समोरच्या कोऱ्या भिंतीकडे बघत पुढच्या आकड्याची वाट पाहत राहिल्या.