फाटलेला कोपरा

आजकाल पत्रं कोण लिहितं, असं लोक मला विचारतात. माझा फौजेतला दादा लिहायचा. सीमेवर वातावरण तापलं की त्यांच्या चौकीवर मोबाइल जमा करून घेत. मग कधीतरी मिनिटभराचा फोन, तोही रांगेत उभं राहून, मागच्या सगळ्यांच्या कानांवर जाईल असा. बाकी सगळं पत्रात.

घरात आई आणि मी. इकडून मी लिहायचो. आईला अक्षरओळख नाही, पण तिचं काम ठरलेलं होतं. पाकीट चिकटवलं की ती त्याच्या कोपऱ्याला हळदीकुंकू लावायची. दादा चिडवायचा, पोरं विचारतात, तुमच्या घरी दर महिन्याला लग्न निघतं का? आईला त्याचं काही नव्हतं. शुभ पत्राला हळदीकुंकू आणि मयताच्या पत्राचा कोपरा फाडलेला, हे तिच्या डोक्यात लहानपणापासून पक्कं बसलेलं. मयताचं पत्र उंबऱ्याच्या आत आणत नाहीत, बाहेरच वाचून फाडून टाकतात.

त्या दिवशी मी कुरकुंभच्या कंपनीत फर्स्ट शिफ्टला होतो. नव्या पोस्टमननं आईच्या हातात पाकीट ठेवलं आणि तो गेला. कोपरा फाटलेला होता. कुठल्या गाडीत, कुठल्या पोत्यात फाटला, देव जाणे. आईनं कुणाला वाचायलासुद्धा दिलं नाही. फाडून तुकडे कालव्यात सोडले. मी आलो तेव्हा ती काठावर बसून होती, डोळे कोरडे.

"वाचलंच न्हाई तर खरं व्हनार न्हाई," एवढंच म्हणाली.

कालव्याला आवर्तन सुटलेलं, पाणी जोरात. मी काठानं पळत सुटलो. गवतात अडकलेला एकच तुकडा मिळाला, शाई पसरलेला, पण अक्षर दादाचं. स्वतःच्या मरणाची बातमी माणूस स्वतः कशी लिहील, हे आईला समजावताना मी हसत होतो की रडत होतो, मलाच कळेना.

पुढच्याच आठवड्यात त्याचा फोन आला. सगळं ऐकून तो पोट धरून हसला. पत्रात काय होतं, असं विचारल्यावर मात्र त्यानं आवाज खाली आणला.

"फोनवर सांगता आलं आसतं तर लिहिलं कशाला आसतं? सुट्टीला आलो की सांगतो. आन् आईला बोलू नगं."

सुट्टी मंजूर झाली होती. त्याआधीच गोळाबारात तो गेला. ती बातमी माझ्या मोबाइलवर आली, मी कंपनीच्या बसमध्ये असताना. अंत्यविधीला शिरूर-दौंडची माणसं लोटली, भाषणं झाली. मला राग येत होता. दादाबद्दल प्रत्येकाला काहीतरी बोलायचं होतं. त्याला काय बोलायचं होतं, ते कालव्यात गेलं होतं.

आई अजून विचारते, काय लिहिलं असेल रं त्यानं? मी दर वेळी काहीतरी सांगतो. परवा म्हणालो, तुझे गुडघे कसे आहेत, ते विचारलं असेल.

ती मेथी निवडत होती. हात थांबले.

"त्ये तर त्यो फोनवर बी इचारायचा," ती म्हणाली.