सत्काराची शाल आणि मसणवाटेतला ऊस

तुम्ही कधी उसातनं तिरडी नेली आहे? पाचटानं पाय कापतात, पुढचा वाकतो, मागचा अडखळतो आणि वरचं माणूस एका अंगाला कलंडतं. कोंडिबानं आपली आई अशी नेली. बायको भागुबाई मागनं चालत होती, तिनं ते डोळ्यांनी पाहिलं. आता तिनंच अंथरूण धरलंय आणि तिचं एकच मागणं आहे, "मला तशी नेऊ नका."

भीमेच्या ह्या काठाला शिरूर, त्या काठाला दौंड. गाव कुठल्या काठाचं ते सोडा. बौद्धवस्तीच्या मसणवाटेवर मारुतराव बागायतदारानं ऊस लावला. नकाशात वाट आहे, जमिनीवर नाही. सणसवाडीच्या कंपनीत गाड्या भरून पाठ मोडलेल्या कोंडिबानं तालुक्याला खेटे घातले आणि 'वाट खुली करा' असा आदेश मिळवला. मग बंदोबस्त मिळेना. कधी निवडणूक, कधी जत्रा, कधी मंत्र्यांचा दौरा. आदेश खिशात, वाट उसात. शेवटी तो हायकोर्टात गेला. आदेशाचं काय केलंत, असं कोर्टानं सरकारला विचारलं, तेव्हा कुठं कचेरीला जाग आली.

एका सकाळी महसूल खात्याचे सर्कलसाहेब जेसीबी घेऊन वस्तीत उतरले. कोंडिबाचं काळीज सुपाएवढं झालं. त्यानं शाल आणि नारळ आणूनच ठेवला होता.

"अवं, काम हुंद्या की आधी," भागुबाई खाटेवरून म्हणाली.

"साहेब दारात आल्यात. रिकाम्या गळ्यानं उभं करू व्हय?"

आपल्याकडं ही खोडच आहे. साहेब आला की आधी शाल, मग चहा, मग काम. कोंडिबानं शाल घातली, नारळ दिला, हात जोडून हसला. शिपायानं मोबाइलवर फोटो काढला. जेसीबीनं बांधाची माती जरा खरवडली, दोन-चार सऱ्या मोडल्या. तेवढ्यात साहेबांना फोन आला.

"आबा, उरलेलं सोमवारी करू," फोन ठेवून ते कोंडिबाला म्हणाले.

सोमवार आला, साहेब आले नाहीत. पुढं हायकोर्टातल्या त्याच्या वकील अंकिताताईंचा फोन आला.

"काका, तुम्ही अधिकाऱ्यांचा सत्कार केलात?"

"व्हय ताई. घरी आल्याला माणूस..."

"तो फोटो सरकारनं कोर्टात लावलाय. वाट खुली झाली, अर्जदारानं आभार मानले, असं प्रतिज्ञापत्र आहे."

कोंडिबा खाली बसला. ऊस तर समोर डुलत होता.

"ती शाल मलाच पांघरली आस्ती," भागुबाई म्हणाली, "थंडी तरी भागली आस्ती."

त्याला हसू आलं नाही. चिडायचंही त्राण नव्हतं. चीड मला आली, मी त्याच वस्तीतला. साहेबाला पगार सरकार देतं, आदेश पाळणं ही त्याची नोकरी. त्याबद्दल शाल कसली घालायची? पण हे कोंडिबाला सांगून काय उपयोग? त्याला तेव्हा ते माणुसकीचं वाटलं.

अंकिताताई कोर्टात भांडल्या. कोर्टानं फेरपाहणी लावली आहे. जागेवर पंचनामा होणार, आणि नात्यातले वा वस्तीतले नसलेले दोन पंच हवेत. कोंडिबा घरोघर फिरला. कुणाच्या रानाला मारुतरावाच्या विहिरीचं पाणी, कुणाचा पोरगा त्याच्या ट्रॅक्टरवर. गेणबा जुना दोस्त. तो तेवढा खरं बोलला.

"कोंडिबा, ऊस मला बी दिसतोय रं. पर सही केली की माझं पाणी तुटतंय."

कोंडिबानं त्याला शिवी दिली नाही. "बरं," म्हणाला आणि परत आला.

येत्या गुरुवारी सकाळी पाहणी आहे. तुम्ही आमच्या गावचे नाही, मारुतरावाचं पाणी पीत नाही. मग या. पंच म्हणून उभे राहा. भाषण नको, घोषणा नको. वाट दिसली तर वाट लिहायला लावा, ऊस दिसला तर ऊस. आणि सगळं वाचून मगच सही करा.